न रडणाऱ्या पोरीचं दुखणं

माझ्या दोन्ही लेकरांबद्दल लोकांची तक्रार एकच आहे: देवानं वाटताना अदलाबदल केली. मुलगी सहावीत आहे, ती रडत नाही. मुलगा दुसरीत आहे, तो रडायचं थांबत नाही. अमरावतीत आमच्या कॉलनीत भाजीवाल्यापासून शाळेच्या ऑटोवाल्यापर्यंत सगळ्यांनी हे मला ऐकवून झालंय, आणि प्रत्येक जण असं सांगतो जणू त्याच घरात राहून मला ते कळलंच नसतं. "पोट्टं पोट्टीवानी रडते अन् पोट्टी गोट्यावानी बसते," असं शेजारच्या काकू म्हणतात आणि स्वतःच हसतात. पहिल्यांदा मीही हसले होते. आता माझी हसायची हौस फिटली आहे.

धाकटा खरोखरच रडतराव आहे. आम्ही जुनी स्कूटर विकली तेव्हा तो तिच्या सीटला मिठी मारून असा काही रडला, की घेणारा माणूस कानकोंडा होऊन म्हणाला, "साहेब, लेकराचा एवढा जीव असंन तं राहू द्या." नवऱ्यानं त्या माणसाला जवळपास ढकलूनच स्कूटरवर बसवलं. पण हाच मुलगा आनंद झाला की गॅलरीतून रस्त्यावरच्या माणसाला हाका मारून सांगतो. त्याच्या पोटात काही राहत नाही आणि आई म्हणून मला ते सोयीचं पडतं. रडला की पाणी द्यायचं, जवळ बसायचं, "रडू नको" एवढं मात्र म्हणायचं नाही. थोड्या वेळात गडी मोकळा होऊन खेळायला जातो. त्याला सांभाळणं सोपं आहे, त्याला गप्प करायला टपलेल्यांना सांभाळणं अवघड. त्याचे सर म्हणतात, "जरा स्ट्राँग करा त्याला." म्हणजे नेमकं काय करायचं, हे सरांनाही सांगता येत नाही.

मोठीची गोष्ट उलटी. तिला काही वाटतच नाही, असं लोक धरून चालतात. शाळेत चित्रकलेत ती पहिली आली तेव्हा स्टेजखालचा फोटोग्राफर "बेटा, हास ना, थोडंसं हास" म्हणून थकला आणि शेवटी त्यानं पाहुण्यांनाच हसायला लावलं. पालकसभेत बाई मला म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण हिला कशाचं काही वाटत नाही." मी सांगितलं, ती बक्षिसाची ढाल उशीखाली घेऊन झोपली होती, टोचत असूनही. बाई म्हणाल्या, "हो का? पण तसं दिसत नाही." दिसत नाही म्हणजे नाही, हा कुठला न्याय? मग वारासुद्धा नाहीच म्हणायचा.

आणि यातली गंमत अशी, की माझा नवराही अगदी असाच आहे. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. घरी आल्यावर बूट काढताना जे दोन शब्द बोलतो तेच दिवसाचे. त्याला मात्र सगळे 'गंभीर माणूस' म्हणतात, 'डोकं थंड आहे' म्हणतात, पोरगी द्यावी तर अशा घरी म्हणतात. तेच मुलीनं केलं की ती घमेंडी. मी हे एकदा जेवताना बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू लय विचार करते." आणि पोळी मागितली.

तिचा चेहरा वाचायचा नाद मी कधीच सोडला. मी तिचे पाय वाचते. बालवाडीत असताना एकदा तिचा कान ठणकत होता, तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं: उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढतो आणि तिथंच घट्ट बसतो. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही, पण अंगठा चढला की पोरीला काहीतरी सोसवत नाहीये हे नक्की. तिचे शब्दही मोजून घ्यावे लागतात. "काही नाही" म्हणाली तर खरंच काही नसतं. "थोडंसं" म्हणाली तर हातातलं काम टाकून उठायचं. समोर बसवून "काय झालं, सांग" म्हटलं की ती मिटते. त्यापेक्षा तुरीच्या शेंगा सोलायला सोबत घ्यायचं. दोघींचे हात चालू असले, नजर परातीत असली, की शेंगा संपता संपता एखादं वाक्य आपसूक येतं. हे सगळं शिकायला मला वर्षं लागली, आणि हे शिकण्यासारखं काही आहे हेच घरात कुणाला पटत नाही.

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण मला कुणी ऐकवली की माझं टाळकं सरकतं. मी आई आहे, आणि मी पाजलंय. ही पोरगी तान्ही असताना भुकेनंही रडत नसे. नुसती जागी राहून पंख्याकडे बघत पडायची. मी घड्याळ बघून तिला घ्यायची. ज्यानं कुणी ही म्हण काढली त्याच्या घरी धाकट्यासारखंच लेकरू असणार.

गेल्या थंडीत माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आम्हाला रोडग्यांना बोलावलं. त्या अकोल्याला राहतात, शेत बार्शीटाकळीच्या वाटेवर आहे. मुलाला नोकरी लागली की शेतात रोडगे करीन, असा त्यांचा नवस होता, आणि नोकरी लागली होती. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यावर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, आणि झाडाखाली सगळ्या गोतावळ्याची पंगत. आमच्या वऱ्हाडात या जेवणाला नाही म्हणत नाहीत. मलाही ते आवडतं. रविवार होता, आम्ही चौघं सकाळीच गाडीनं निघालो.

बडनेरा मागे पडलं तेव्हा मोठी मागच्या सीटवरून, खिडकीबाहेर बघत, म्हणाली, "आई, पोटात थोडंसं दुखते."

मी वळून बघितलं. चपला काढून बसली होती. अंगठा चढलेला होता. मी नवऱ्याला म्हटलं, "गाडी वळवा. हिला डॉक्टरांना दाखवू."

"काल पावभाजी खाल्ली, तीच असंन," तो म्हणाला. गाडीच्या कप्प्यात त्याची ओव्याची डबी असते, ती काढून त्यानं मागे दिली. "चाव बेटा. बरं वाटंन."

"ती थोडंसं म्हणाली," मी म्हटलं.

"मंग? थोडंसंच तं म्हणाली. सारे वाट पाहून राहिले तिकडे. येताना अकोल्यात दाखवू."

तिनं ओवा चावला. मी कितीदा तरी मागे वळून पायाकडे बघितलं आणि दर वेळी नवऱ्याला सांगितलं, आणि दर वेळी तो "हो हो" म्हणाला. मूर्तिजापूर आलं तसा धाकट्यानं गळा काढला: मळमळतंय, डोकं गरगरतंय, मी आता मरतो. गाडी तत्काळ बाजूला. नवरा स्वतः उतरला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, टपरीवरून लिंबूसोडा आणला. मी दार उघडून त्याला म्हटलं, "याच्यासाठी बरी थांबली गाडी." तो अगदी सरळपणे म्हणाला, "तो रडून राहिला ना." त्याच्या लेखी विषय तिथं संपला. माझा तिथून सुरू झाला.

शेतात पोचलो तेव्हा गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता, बाया वांगी चिरत होत्या. मोठी एका बाजूला सतरंजीवर जाऊन बसली. जो तो येऊन तिला "काहून बोलत नाई वं?" विचारून गेला, आणि तिच्या उत्तराची वाट न बघता पुढे गेला. मी जाऊबाईंना सांगितलं, हिचं पोट दुखतंय, हिला वाढू नका. त्या हो म्हणाल्या. पण लेकरांची पंगत बसली तेव्हा मी तिकडे वरण घोटत होते, आणि आमच्याकडचा आग्रह म्हणजे मोठं संकट. कोणी आत्या, कोणी मामी, "एक घास माह्या नावाचा" करत ताटाशी येणार. नको म्हणायला तोंड वाकडं करता आलं पाहिजे. धाकट्याच्या ताटात भोपळा पडला तर ते शेवटच्या माणसाला कळतं. हिनं "नको" म्हटलं ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. अर्धा रोडगा, तुपात भिजवलेला, तिच्या पोटात गेला.

मी तिच्याकडे निघाले आणि नेमकं तेव्हाच धाकट्यानं आरातला रोडगा हातानं उचलला. जी बोंब ठोकली, की शेजारच्या शेतातले लोक बांधावर आले. कुणी पाणी, कुणी तूप, कुणी टूथपेस्ट घेऊन धावलं. दीर म्हणाले, "मर्द हायेस ना तू? चूप बस." मला खेचून त्याच्यापाशी नेलं. बोटाला जरासा चटका होता. मी ते पाण्यात धरलं, फडकं गुंडाळलं आणि सतरंजीकडे बघितलं, तर मोठी तिथं नव्हती.

ती बाजेवर होती. भोवती चार-पाच बाया. जाऊबाईंची मावशी तिच्या पोटावर तेल घालून वाकली होती. बेंबी बसवण्यात या मावशींचं चार गावांत नाव आहे. पोट दुखलं की बेंबी सरकली, आणि सरकली की अंगठे रोवून ती दाबून जागेवर आणायची, हे आमच्याकडे अजूनही चालतं. शिकलेल्या घरांतही चालतं. मावशींनी दोन्ही अंगठे बेंबीभोवती रोवले होते आणि पोरगी वर झाडाकडे बघत होती. मी पायाकडे बघितलं. दोन्ही पायांचे अंगठे चढलेले, बोटं पांढरी पडलेली. दोन्ही पायांचे मी कधी बघितले नव्हते.

"हात काढा!" मी ओरडले.

मावशींनी हात काढला नाही, मान वर केली. "काहून वो? पोरगी चूप हाये अन् माय बोंबलते."

"तिला दुखतंय."

"दुखत असतं तं रडली नसती का? लेकरू हाये ते."

"ती रडत नाही!"

"रडत नाई म्हंजे दुखत नाई बाई," मावशी मला समजावून सांगायला लागल्या, "तेवढंच तं देवानं लेकराले देल्लं हाये."

मी त्यांचा हात धरून बाजूला केला. मोठ्या बाईचा हात झटकला म्हणून सगळ्या बायांची तोंडं उघडीच राहिली. मी पोरीला उठवलं, तर ती उजव्या बाजूला वाकूनच उभी राहिली. जाऊबाई धावत आल्या. नवसाची पंगत मांडली आहे, मोठ्यांची पानं वाढली आहेत, असं उठून गेलं तर नवस मोडतो. दोन घास खाऊन जा, त्याला कितीसा वेळ लागतो? नवरा एकदा वहिनीकडे बघे, एकदा माझ्याकडे. त्याच्या हातात ताट होतं. मी म्हटलं, "तुमचे रोडगे तुमच्या देवाला घाला. मी चालले." हे वाक्य मला अजून सुनावलं जातं, लग्नात, बारशात, फोनवर. सुनावू देत. नवऱ्यानं ताट ठेवलं आणि किल्ली काढली. धाकटा फडकं गुंडाळलेलं बोट वर धरून गाडीत येऊन बसला.

अकोल्यात रविवारी दुपारी जो दवाखाना उघडा मिळाला तिथं गेलो. मोठी खुर्चीवर बसली, मांडीवर माझी पर्स धरून, पाठ ताठ. धाकटा तिच्या शेजारी हुंदके देत होता. नर्स आली ती थेट धाकट्यापाशी. त्याच्यापुढे उकिडवी बसून म्हणाली, "काय झालं राजा? कुठं दुखते?" मी म्हटलं, "तो नाही. ही." नर्सनं मोठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "हिला काय झालं?" अशा आवाजात, की हिला काही होऊच कसं शकतं.

आतला डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "थोडंसं." त्यानं पोट दाबलं, तिनं छताकडे बघितलं. त्यानं पुन्हा दाबलं, तरी तिनं छताकडेच बघितलं. "रोडगे खाल्ले ना?" तो हसून म्हणाला. "ॲसिडिटी आहे. गोळी देतो. बरं वाटलं नाही तर उद्या अमरावतीला दाखवा."

मी म्हटलं, सोनोग्राफी करा. मला अपेंडिक्सची शंका येते.

"मॅडम, अपेंडिक्सचा पेशंट असा बसत नाही. इथं येतात ते जमिनीवर लोळतात."

मी त्याला पायांचं सांगितलं. सांगताना मलाच ऐकू येत होतं, की हे किती खुळ्यासारखं वाटतंय. अंगठा चढतो म्हणून सोनोग्राफी करा! तो नम्रपणे ऐकत होता आणि हातानं गोळीचं नाव लिहीत होता. नवरा हळूच म्हणाला, "डॉक्टर म्हणतात तं..." एवढ्या माणसांत, एवढ्या डिग्र्यांत, त्या पोरीच्या एका शब्दाचं वजन कुणाला कळत नव्हतं, आणि ज्या बाईला कळत होतं ती सगळ्यांच्या लेखी डोक्यावर पडलेली. मला त्या टेबलावरचं सगळं सामान खाली ढकलून द्यावंसं वाटत होतं. माझा आवाज चढला. डॉक्टर म्हणाला, "प्लीज, ओरडू नका."

मी थांबले, पण धाकटा थांबला नाही. दारात उभा राहून तो सगळं ऐकत होता. त्यानं असा हंबरडा फोडला की मघाचा शेतातला त्याच्यापुढे काहीच नाही. "माही ताई मरून राहिली अन् हे गोळी देऊन राहिले!" तेच वाक्य पुन्हा, पुन्हा, चढत्या आवाजात. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. नर्स धावली, वॉचमन आला. शेवटी वरच्या मजल्यावरून मोठे सर्जन, घरच्या कपड्यांत, जिना उतरून आले. "कोण मरून राहिलं?" त्यांनी विचारलं.

धाकट्यानं बोट दाखवलं. बोलायला त्याला श्वास उरला नव्हता.

सर्जननी तिला दुखतं का हे विचारलंच नाही. स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "सुरू कधी झालं?"

"काल रात्री," ती म्हणाली.

"कुठं होतं तेव्हा?"

"बेंबीपाशी. सकाळी इकडे आलं." तिनं उजव्या बाजूला खाली बोट ठेवलं.

"उलटी?"

"दोनदा. एकदा सकाळी बाथरूममध्ये. एकदा शेतात, विहिरीच्या मागे."

मी ऐकतच राहिले. धड्यावरचे प्रश्न सोडवावेत तशी ती सांगत होती, नीट, क्रमानं. सर्जननी तिला एका पायावर उडी मारायला सांगितली. ती सांगितलेलं ऐकणारी पोरगी, तिनं मारली. ओठ मिटलेलेच होते, पण कपाळावर घाम फुटला आणि तिनं टेबलाची कड धरली. सर्जननी तरुण डॉक्टरकडे बघितलं. "खूप दुखणारं पोट माणसाला लोळू देत नाही, गप्प बसवते," ते म्हणाले. "सोनोग्राफी कर. लगेच." मग तिला विचारलं, "बेटा, हे सगळं कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं," ती म्हणाली. "आईला सांगितलं दुखते म्हणून. आईनं बाबांना सांगितलं. बाबांनी ओवा दिला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जे झालं ते तिनं सांगितलं. नवरा खाली फरशीकडे बघत राहिला.

अपेंडिक्स सुजून फुटायला आलं होतं. पोटात रोडगा असल्यानं संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं, मग ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर आणलं. वेळ काय होती आणि आणलं कधी, हे मला माहीत होतं.

आत काम चालू असताना आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. नवरा म्हणाला, "लहानपणी माहा हात मोडला होता. दोन दिवस कोणाले कळलं नाई."

"मग?"

"मी सांगितलं होतं दुखते म्हणून. मलेही ओवाच देल्ला होता."

"मग निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं!" मी इतक्या जोरात म्हटलं, की पलीकडच्या बाकावरच्या बाई वळल्या. ज्या माणसाच्या स्वतःच्या मोडक्या हाताचं कुणी ऐकलं नाही, त्यानं मुलीचं दुखणं ऐकून ओव्याची डबी पुढे केली, याचा राग करावा की कीव, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. मी रागच केला. तो करायला सोपा होता.

मग शेतातली मंडळी आली, डबे घेऊन. डब्यांत रोडगेच. मावशी आल्या नाहीत, त्यांचं मन दुखावलं होतं. जाऊबाईंनी धाकट्याला जवळ घेतलं, त्याची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. "भाऊ असावा तं असा. याच्या रडण्यानं वाचली पोरगी." ज्या दिरांनी दुपारी त्याला मर्द हायेस ना म्हणून दटावलं होतं, तेच आता "शेर हाये माहा" म्हणून त्याची पाठ थोपटत होते. धाकटा खुलला, दमून जाऊबाईंच्या खांद्यावर झोपला, आणि त्या त्याला आपल्या घरी घेऊन गेल्या. जाताना मोठीच्या कॉटपाशी थांबून त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती अर्धवट गुंगीत होती. "असं दुखत होतं तं सांगायचं नाई का वं माय?"

"तिनं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"असं सांगते का कोनी?" त्या म्हणाल्या. "भावापासून शिक म्हना आता थोडं."

मी दार उघडून धरलं, म्हणजे त्यांना जाता येईल. धाकट्यानं बहिणीला वाचवलं हे खरंच आहे आणि मला त्याचं कौतुकही आहे. पण तो नसता तर? एकुलती असती तर? तिचं म्हणणं होतं, माझं म्हणणं होतं, आणि तरी कुणीतरी गळा काढल्याशिवाय जिन्यावरून माणूस उतरला नाही. ती मेली म्हण खरी ठरली, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. आणि आता सगळे मिळून त्या पोरीनं रडायला शिकावं म्हणत होते. आपण ऐकायला शिकावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नर्स आली. चांगली होती, गोड बोलत होती. तिच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेला एक तक्ता होता. त्यावर एका ओळीत गोल चेहरे काढलेले, पहिला हसरा, मग एकेक जास्त हिरमुसलेला, आणि शेवटच्याच्या डोळ्यांतून धारा. लेकरांना दुखणं सांगता येत नाही म्हणून केलेला. नर्सनं तो मोठीपुढे धरला. "सांग बरं बेटा, यातल्या कोणत्या तोंडासारखं दुखते तुला?"

मोठीनं सगळे चेहरे बघितले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चित्र बघताना ती बघते तसंच, प्रत्येकावर थांबून. मग म्हणाली, "यात माझं तोंड नाही."

नर्स हसली. "मग हे हसरं लिहू?"

"नाही," मोठी म्हणाली. "दुखतंय. खूप."

हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. नर्सनं तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो होता तसाच होता, शांत, कोरडा. मग नर्स माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरंच दुखते का हो हिला?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "तिनं सांगितलं ना आत्ता."